संदर्भाची उलटतपासणी

दलित साहित्याच्या चर्चेत 'जाणीव' हा शब्द जितक्या वेळा आला, तितक्या वेळा 'पुरावा' हा शब्द आला नाही. अनुभव आपला होता, तो नाकारण्याची कोणाची छाती नव्हती, म्हणून पुराव्याची गरज आपल्याला फारशी भासली नाही. पण आता आपली मुले-मुली पदव्युत्तर वर्गांत संशोधन प्रकल्प लिहू लागली आहेत. तिथे अनुभवाला गुण नाहीत, संदर्भाला आहेत. आणि संदर्भ म्हटला की आपला विद्यार्थी ग्रंथालयाच्या दारात जाऊन उभा राहतो, तो त्याच्या बापजाद्यांना चावडीसमोर उभे राहावे लागे तसा. आतून हातावर जे टाकले जाईल ते घेतो आणि मुकाट्याने परत फिरतो.

मी नगर जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयात शिकवतो, तिथे यंदा असे बत्तीस प्रकल्प जमा झाले. विषय वेगवेगळे होते. महारवतन होते, तमाशा होता, ऊसतोड होती, मिशनच्या शाळा होत्या, आत्मकथने तर होतीच. पण शेवटच्या पानावरची ग्रंथसूची जवळजवळ एकच होती. तीच दहा-बारा नावे, त्याच क्रमाने, त्याच मुद्रणदोषांसह. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गाव-गाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. एका सूचीत अंकांची अदलाबदल होऊन ते साल १९५१ पडले होते. तेच १९५१ मला आणखी सात सूच्यांत भेटले. म्हणजे पुस्तक कोणीच उघडले नव्हते. सूचीवरून सूची उतरली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्य मोजण्याचे यंत्र आता आले आहे आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला ते नियम शिक्षा करीत नाहीत. यंत्राला उतरवलेला मजकूर कळतो. उतरवलेल्या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्याला कळत नाही. ते कळावे म्हणून आम्ही मास्तर नेमलेले असतो.

या बत्तिसांतला एक प्रकल्प माझ्याच मार्गदर्शनाखाली झाला होता. नेवासे तालुक्यातली मुलगी. विषय तिनेच निवडला होता: आपल्या गावचा मांगवाडा. ती त्याच वस्तीत वाढलेली. प्रकल्प नीट टंकलिखित, समास सोडलेले, प्रकरणे पाडलेली. तिसऱ्या प्रकरणात तिने 'हे लोक' कसे राहतात, कसे वागतात, स्वच्छतेच्या बाबतीत कसे आहेत हे विशेषणांच्या एका ओळीत सांगून टाकले होते. ती विशेषणे इथे पुन्हा छापून मी त्यांचे आयुष्य वाढवणार नाही. खाली संदर्भ दिला होता तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, अहमदनगर खंडाचा. वाक्य वर्तमानकाळातले होते, कारण मूळ इंग्रजी वाक्य वर्तमानकाळातले आहे आणि तिने काळ बदलला नव्हता. १८८४ चा वर्तमानकाळ थेट तिच्या घरात येऊन बसला होता. सबंध प्रकल्पात 'आम्ही' हा शब्द एकदाही नव्हता.

मी तिला बोलावून विचारले, "हे तुझ्या आजीबद्दल लिहिले आहेस. खरे आहे का?"

ती म्हणाली, "नाही सर. पण छापलेलं आहे ना ते. तुम्हीच म्हणाला होता, छापील संदर्भ द्या."

मी तसे म्हणालो होतो, हे खरे आहे. या लेखात जी टीका आहे तिचा पहिला धनी मीच आहे. संदर्भ द्या, असे आपण वर्गात सांगतो. संदर्भाला प्रश्न विचारा, हे सांगायचे राहून जाते.

तेव्हा गॅझेटिअरपासूनच सुरुवात करू. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मालेतला हा सतरावा खंड. जमीन, पाऊस, पिके, दुष्काळ, किमती, व्यापार, शाळा, आणि 'लोक'. आज तो मोबाईलवर सुद्धा उघडतो, आणि म्हणूनच तो सगळ्यांच्या सूचीत आहे. पण हा ग्रंथ झाला कसा? जिल्ह्यातल्या साहेबांनी मामलेदारांना विचारले, मामलेदारांनी कारकुनांना, कारकुनांनी गावच्या कुलकर्ण्यांना आणि पाटलांना. या साखळीत मांगवाड्याच्या आत पाऊल टाकून, बसून, पाणी पिऊन माहिती घेतलेला माणूस कुठे बसतो? जातींची वर्णने पुरवणारा मनुष्य वेशीच्या आतला होता आणि त्याने वेशीबाहेरचे वर्णन लांबूनच केले. साहेबाने ते इंग्रजीत घातले. इंग्रजीत गेल्यावर कुलकर्ण्याचे मत हे शास्त्र झाले.

म्हणून गॅझेटिअर जाळावा का? मुळीच नाही. तो जिथे मोजतो तिथे कान देऊन ऐकावा. जिथे तोलतो तिथे थांबावे. १८८१ च्या जनगणनेचे आकडे त्यात आहेत, धान्याचे भाव आहेत, १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकत आहे. मांग दोरखंड वळतात, केरसुण्या बांधतात, वाजंत्री वाजवतात, ही कामांची नोंद उपयोगाची आहे, कारण ते काम सगळ्या गावाला दिसत होते. स्वभाव मात्र दिसत नसतो, तो ठरवला जातो. आणि ठरवलेल्या स्वभावाची नोंदसुद्धा वाया जात नाही. ती मांगांविषयीचा पुरावा म्हणून कुचकामी आहे, पण नोंद करणाऱ्याविषयीचा पुरावा म्हणून फार मोलाची आहे. तिच्यातून १८८४ मध्ये सरकारी दप्तर मांगांकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत होते ते कळते. तेच पान, तेच वाक्य. साक्ष मात्र बदलली. माझ्या विद्यार्थिनीने एवढे केले असते तर तिसरे प्रकरण प्रकल्पातले सर्वांत चांगले प्रकरण झाले असते. १९७६ मध्ये सरकारने या खंडाची सुधारित आवृत्ती काढली. दोन्ही शेजारी ठेवून 'लोक' हे प्रकरण वाचण्याचा उद्योग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा करावा. स्वातंत्र्याने कोणती विशेषणे गाळली आणि कोणती गाळण्याचे सुचले नाही, हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे.

इथे शोधण्याच्या कामाविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण तपासण्याआधी सापडले पाहिजे. या जिल्ह्याचे इंग्रजी लेखन जुन्या सरकारी ग्रंथांत एक आहे, नंतरच्या पुस्तकांत दुसरे; 'म' नंतरचा स्वर एकात 'अ' आहे, दुसऱ्यात 'ए'. २०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झाला. म्हणजे तीन नावांनी हाक मारल्याशिवाय हा जिल्हा ग्रंथालयाच्या सूचीत ओ देत नाही. आपली स्वतःची नावे तर याहून अवघड. विद्यार्थी संगणकावर 'दलित' असे टंकतो, त्याला गेल्या पन्नास-साठ वर्षांतली पुस्तके दिसतात आणि तो समजतो की त्याआधी कोणी काही लिहिलेच नाही. त्याने 'अस्पृश्य' म्हणून शोधले पाहिजे, 'अतिशूद्र' म्हणून, 'अंत्यज' म्हणून, 'हरिजन' म्हणून शोधले पाहिजे. लष्कराच्या जुन्या कागदांत महार हे 'परवारी' आहेत. इंग्रजी अहवालांत आपण सगळे मिळून 'डिप्रेस्ड क्लासेस' आहोत. मांगाचे मातंग झाले, महाराचे नवबौद्ध झाले; सूचीतले शीर्षक मात्र मागेच राहिले. ज्या-ज्या नावाने आपल्याला हिणवले गेले, त्या-त्या नावाने आज ग्रंथालयात आपल्याला स्वतःला शोधावे लागते. हे काम मनाला सोसत नाही, हे मी पाहिले आहे. एका विद्यार्थ्याने मला सांगितले की तो शब्द त्याच्या बोटांतून उतरेना. तरी तो टंकावा लागतो. त्याला दुसरा मार्ग नाही.

आता ज्ञानोदयाकडे येऊ. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये पडले आणि १८४२ मध्ये याच नगरात ज्ञानोदय निघाला. पुढे तो मुंबईस गेला. या पत्राच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत मुक्ता नावाच्या मांग मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली ही मुलगी. विषय: मांग-महारांचे दुःख. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरले, त्यांना वेद का वाचू दिले जात नाहीत, मग आपला धर्म तरी कोणता, असे ती विचारते. कॅम्पबेलचा खंड यायला अजून एकोणतीस वर्षे होती. म्हणजे नगरच्या मांगांविषयी कारकुनाने लिहिण्याच्या एकोणतीस वर्षे आधी एका मांग मुलीने आपल्या लोकांविषयी स्वतः लिहून छापून ठेवले होते, आणि तेही नगरात जन्मलेल्या पत्रात. माझ्या विद्यार्थिनीच्या सूचीत कारकून होता. मुक्ता नव्हती.

ज्या दोन-तीन प्रकल्पांत मुक्ता होती, तिथे दुसरे दुखणे होते. एकाने तिचा उतारा दिला होता. वाचताना भाषा विचित्र वाटली. चौकशी केली तेव्हा कळले की सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केलेल्या १९९१ च्या इंग्रजी संकलनातले भाषांतर या विद्यार्थ्याने पुन्हा मराठीत आणले होते. मूळ निबंध मराठी! मराठी मुलीचे मराठी शब्द इंग्रजीच्या वाटेने फिरून नगरला परत आले, आणि वाटेत त्यांची बोली गळून पडली. दुसऱ्या प्रकल्पात तिचे वय अकरा होते, तिसऱ्यात चौदा. दोघांनीही ते कुठून घेतले ते लिहिले नव्हते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची सवय आपल्याला गावाने लावली. आता पाणवठ्यावर जाण्याचा हक्क मिळाल्यावरही आपण ती सोडत नाही, याला काय म्हणावे?

मुक्तेच्या निबंधाचीही उलटतपासणी झाली पाहिजे. ज्ञानोदय हे मिशनचे पत्र. हिंदू धर्मावर टीका करणारा मजकूर त्याला हवाच होता. मुक्ता इंग्रजी राज्याविषयी कृतज्ञतेने बोलते. हे दोन्ही नोंदवले पाहिजे, आणि तिने सांगितलेले पेशवाईतले प्रकार इतर कागदांशी ताडून पाहिले पाहिजेत. पण यावरून जेव्हा कोणी विद्वान म्हणतो की हा निबंध मिशनऱ्यांनीच लिहून घेतला असावा, तेव्हा त्याला उलट विचारावे: लोकहितवादींची पत्रे 'प्रभाकर'मध्ये आली, ती प्रभाकरच्या संपादकाने लिहून घेतली असतील अशी शंका तुम्हाला कधी आली का? शंका घेणे हा संशोधनाचा धर्म आहे हे मान्य. मग ती सर्वांवर सारखी घ्या. मांगाच्या मुलीच्या सहीवर शंका आणि सरदाराच्या सहीवर विश्वास, ही शंका नव्हे. ती जातच आहे.

याच पत्रातला आणखी एक मजकूर आपल्या लोकांकडून हमखास चुकीचा वापरला जातो. सप्टेंबर १८५३ च्या ज्ञानोदयात जोतीरावांच्या शाळांविषयी हकीकत आहे. मिस फेरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा आपण मित्रासह जाऊन पाहिल्या आणि तिथून आपल्याला प्रेरणा मिळाली, असे जोतीराव तिथे सांगतात. सिंथिया फेरार १८२७ साली हिंदुस्थानात आल्या, आणि आयुष्याची शेवटची वीसएक वर्षे त्यांनी नगरात शिकवण्यात घालवली. आता प्रकल्पांत काय येते? सावित्रीबाईंनी नगरला मिस फेरार यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले, आणि खाली संदर्भ याच हकीकतीचा. जोतीरावांनी शाळा पाहिली हे एक विधान. सावित्रीबाई तिथे शिकल्या हे दुसरे. दुसऱ्याला त्याचा स्वतःचा पुरावा लागतो. पहिल्याच्या पाठीवर बसून ते चालत येत नाही. हे सांगितल्यावर एक तरुण कार्यकर्ता माझ्यावर चिडला. "सर, तुम्ही सावित्रीमाईंचं नगरशी असलेलं नातं तोडता काय?" नाते तोडायचा प्रश्न नाही. उद्या विरोधक नेमके तेच कच्चे पान फाडून दाखवील आणि त्याबरोबर बाकीची पक्की पानेही खोटी ठरवील, ही भीती आहे. आपल्या पुराव्यात आपण ठेवलेले भोक दुसराच वापरतो.

मिशनच्या कागदांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या मिशनच्या मूळ संस्थेचे दप्तर अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात आहे. नगर, शेवगाव, राहुरी, वडाळा या भागांतल्या महार-मांगांविषयी जितके बारकाईने त्या पाद्र्यांनी लिहिले, तितके त्या काळात दुसऱ्या कोणी लिहिले नाही. कारण ते खरोखर वस्तीत गेले. पण ती पत्रे वाचणारा वर्गणीदार अमेरिकेत बसला होता. त्याला बाप्तिस्म्यांची संख्या हवी होती. म्हणून त्या पत्रांत आपला पूर्वज नेहमी एक तर अंधारात असतो, नाही तर प्रकाशात. तो कधी नुसता बाजाराला चाललेला दिसत नाही. कारकून तिरस्काराने लिहीत होता, पाद्री करुणेने. दोघांच्याही लेखणीत 'हे लोक'च होते.

आत्र्यांच्या 'गाव-गाडा'चे पुस्तक म्हणून मोल मोठे आहे. महसूल खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने खेड्याचे अर्थकारण इतके उघडे करून दाखवावे, हे मराठीत त्याआधी झाले नव्हते. त्यांना भाषेवर प्रेम आहे, शब्दांचा साठा अफाट आहे. गावच्या व्यवहारातले विसरलेले शब्द हवे असतील तर आजही त्यांच्याकडेच जावे लागते. पण त्यांचा गाडा ओढणारा बैल एकच, तो म्हणजे कुणबी. बाकी सगळे गाड्यात बसलेले. बलुतेदार, आलुतेदार, फिरस्ते, भिक्षेकरी हे सारे कुणब्याच्या खळ्यावर टपलेले. महार-मांग त्यात सर्वांत पुढे. आत्रे खळ्यावरून दिलेली पेंढी मोजतात. त्या पेंढीसाठी वर्षभर रात्री-अपरात्री केलेली राबणूक, मैलोगणती पळत नेलेला सरकारी सांगावा, ओढलेले मेलेले ढोर, हे मोजायला त्यांच्याकडे माप नाही. पेंढी देणाऱ्याच्या वहीत होती. राबणूक कोणाच्या वहीत नव्हती.

ती वही पुढे उघडली गेली. १९७८ मध्ये दया पवार यांचे 'बलुतं' आले. अकोले तालुक्यातल्या धामणगावचा हा माणूस. म्हणजे 'बलुतं' हा आमच्या जिल्ह्याचाच दस्तऐवज आहे. शीर्षक पाहा. आत्र्यांनी ज्याचा हिशेब देणाऱ्याच्या बाजूने मांडला, तोच शब्द पवारांनी घेणाऱ्याच्या बाजूने पुस्तकावर घातला. साहित्याच्या अंगाने या पुस्तकावर आपण भरपूर लिहिले. अनुभवाची दाहकता, भाषेचा मोकळेपणा, वगैरे. पण बत्तीस प्रकल्पांपैकी वतनावरचे, बलुत्यावरचे, गावकीवरचे जे पाच होते, त्यांतल्या एकातही 'बलुतं' संदर्भ म्हणून नव्हते. विचारले तर उत्तर आले: "ते मराठी साहित्याला आहे सर, आमचा विषय इतिहास." एका ग्रंथालयात तर मी ते कादंबऱ्यांच्या कपाटात पाहिले आहे. कपाट चुकले की पुस्तकाची साक्ष चुकते. 'गाव-गाडा' समाजशास्त्रात आणि 'बलुतं' ललितात, अशी विभागणी ज्या दिवशी झाली त्या दिवशीच निकाल लागला: त्यांनी पाहिले ती माहिती, आपण भोगले ती गोष्ट.

तरीही 'बलुतं' हातात घेणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगेन की इथेही डोळे मिटू नकोस. पवारांनी दगडू पवार आणि दया पवार असे स्वतःचे दोन भाग केले आहेत आणि एक दुसऱ्याला सांगतो आहे. हे काही केवळ निवेदनाचे तंत्र नाही. लहानपणी पाहिलेले चाळिशी ओलांडल्यावर लिहिले जात आहे, याची ती कबुलीच आहे. आठवण ही साक्ष आहे, पण तिच्यावर तारीख नसते. शिवाय पुरुषाच्या आठवणीत बायका कशा येतात, हा प्रश्न उरतोच. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) लिहिताना जे केले ते आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पद्धत म्हणून अभ्यासावे. चळवळीतल्या बायकांचा कागद ग्रंथालयात नव्हता. म्हणून त्या बायकांकडे गेल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि बायकांच्या परिषदा-सभांचे जे छापील उल्लेख सापडतात तेही शोधून काढले. बोललेले आणि छापलेले त्यांनी समोरासमोर बसवले.

आता सर्वांत अवघड भाग. दुसऱ्याच्या कागदावर शंका घ्यायला आपल्याला आवडते. आपल्या कागदावर घ्यायचे जिवावर येते. १६ डिसेंबर १९३९ रोजी श्रीरामपूरजवळ हरेगावला बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. आमच्या भागात या दिवसाची आठवण अजून जिवंत आहे. 'मी त्या सभेला होतो' असे सांगणारी माणसे आता उरली नाहीत. 'माझे वडील होते' असे सांगणारी उरली आहेत. एका प्रकल्पात बाबासाहेब हरेगावला काय म्हणाले याची दोन अवतरणचिन्हांत बसवलेली भरघोस वाक्ये होती. ती कुठून आली? एका स्मरणिकेतून. स्मरणिकेत कुठून? वक्त्याच्या भाषणातून. सरकारने काढलेल्या समग्र ग्रंथमालेतला अठरावा खंड, तीन भागांचा, मराठी भाषणांचा आहे. पण त्यातली पुष्कळ भाषणे ही 'बहिष्कृत भारत', 'जनता' यांसारख्या पत्रांतली वृत्तांते आहेत. वार्ताहराने ऐकले, टिपले, घरी येऊन लिहून काढले. ते बाबासाहेबांचे विचार खरे. प्रत्येक शब्द त्यांचाच, असे म्हणता येत नाही. वृत्तांत आहे तर वृत्तांत म्हणावे, आणि पत्राची तारीख द्यावी. तारीख नाही, गाव नाही, पत्राचे नाव नाही, अशी बाबासाहेबांची वाक्ये आज हातोहाती फिरत आहेत. पुराव्याशिवाय एक ओळही न लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडी पुराव्याशिवायची वाक्ये घालणे, हा त्याचा गौरव आहे असे मला वाटत नाही.

बावन्न हक्कांची गोष्टही अशीच. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला महारांच्या बावन्न हक्कांची सनद दिली, असे आमच्या घरी माझे आजोबा अभिमानाने सांगत. या सनदेचा आधार घेऊन एका विद्यार्थ्याने महारांचे 'सुवर्णयुग' मांडले होते. सनदेची गोष्ट परंपरा म्हणून लिहावी, दस्तऐवज म्हणून नव्हे. आणि मग खरा प्रश्न विचारावा: त्या बावन्नात मेलेल्या जनावराचे कातडे आणि प्रेतावरचे कापड यांचा हक्क आहे, तर ते 'हक्क' म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या का जपले? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये विधिमंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले तेव्हा त्यांना आपल्याच वतनदारांची समजूत काढावी लागली, ती याच प्रश्नापाशी. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. त्या जमिनींचे पुढे काय झाले हे तहसील कचेरीतल्या फेरफारांत लिहिलेले आहे. माझ्या बत्तीस विद्यार्थ्यांपैकी तहसीलमध्ये गेलेला एकही नव्हता. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची खोली, अशी आपली समजूत; फेरफाराच्या वहीला कोणी संदर्भग्रंथ म्हणत नाही.

ग्रंथालयांवर रोष आहेच. कपाटे बंद, ग्रंथपालाच्या चेहऱ्यावर 'पुन्हा आलात?', आपली नियतकालिके बांधून ठेवण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. समग्र ग्रंथमालेचे छपाईचे काम इतके रखडले की २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. हे सगळे खरे. पण आपल्या घरांत काय आहे? परिषदेची पत्रके, वर्गणीच्या पावत्या, जलशांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या. पेटी माळ्यावर होती. माळ्याला वाळवी होती. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात चांगदेव खैरमोडे यांचा संग्रह आहे म्हणून आज संशोधकाला काही कागद मिळतात. एकट्या माणसाने गोळा केले म्हणून. आपल्या तालुक्यातल्या किती जुन्या कार्यकर्त्यांचे कागद दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीवाल्याकडे गेले, याची नोंद कोणत्या गॅझेटिअरमध्ये शोधायची?

त्या मुलीने प्रकल्प परत नेला. दीड महिन्याने आणून दिला. तिसऱ्या प्रकरणात गॅझेटिअरचे वाक्य तिने ठेवले आहे, पण भूतकाळात, आणि ते कोणाकडून आले असावे याचे दीड पान लिहिले आहे. त्याच्या शेजारी आजीची मुलाखत आहे: घायपाताचा वाख कसा काढायचा, दोर किती हात वळायचा, बैलपोळ्याला कासरे दिल्यावर कोणाच्या दारात काय मिळे आणि कोणाच्या दारात काही मिळत नसे. आजीने सांगितलेले एक वर्ष गावच्या दप्तराशी जुळले नाही, तेही तिने लपवलेले नाही. मुक्तेचा निबंध तिला एका मराठी संकलनात मिळाला. १८५५ चे ते दोन अंक पाहायला मिळतील का, म्हणून तिने एका ग्रंथालयाला पत्र टाकले आहे. उत्तर अजून नाही. प्रकल्प तर द्यायचा होता. तेव्हा निबंधाच्या संदर्भापुढे तिने संकलनाचे नाव आणि पान देऊन कंसात लिहिले आहे: मूळ अंक मी पाहिलेला नाही.